लहान मुलांना घेऊन फ्रान्सला जाताना प्रदेश कसा निवडावा?

सातारा-सांगलीकडची कुटुंबं फ्रान्सचा बेत बहुतेकदा मे महिन्याच्या सुट्टीत आखतात, आणि दहा दिवसांत पॅरिस, आल्प्स, नीस असं सगळं बसवायला जातात. सहा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर असं करू नका. मुक्काम बदलला की सामान आवरणं, स्टेशन, गाडी, नवं घर यात अर्धा दिवस जातो आणि तो मुलाच्या झोपेतून वजा होतो. दहा दिवसांसाठी एकच प्रदेश, त्यात एकच घर, आणि शेवटी वाटल्यास दोन दिवस पॅरिस, एवढंच ठेवा. पॅरिस शेवटी, कारण मेट्रोच्या बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही. बाबागाडी उचलून जिने चढायचे तर आधी सगळ्यांची झोप रुळावर यायला हवी.

उन्हाळ्यात फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे असतो. इथे सातला उठणारं मूल तिथे पहाटे साडेतीनला उठतं आणि संध्याकाळी सहाला पेंगतं. त्यात मे अखेरीस साडेनऊपर्यंत उजेड असतो. म्हणून पहिले तीन दिवस बघायचं ते सकाळीच बघा, आणि खिडक्यांना बाहेरून झडपा असलेलं घर घ्या.

प्रदेश ठरवताना आधी महिना बघा, मग मुलाचं वय, मग तुम्ही गाडी चालवणार की नाही.

मे महिन्यासाठी आमची पहिली पसंती लुआर नदीचं खोरं. पॅरिसहून वेगवान टीजीव्ही रेल्वेने तूर शहर सव्वा तासाच्या आसपास आहे, आणि काही गाड्या थेट पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून सुटतात. तूरला राहिलात तर लोकल गाडीने आंबुआझ वीस मिनिटांवर. लिओनार्दो दा विंची आयुष्याची शेवटची तीन वर्षं तिथल्या क्लो ल्यूसे वाड्यात राहिला आणि 1519 मध्ये तिथेच वारला. त्याच्या चित्रांवरून बनवलेली मोठी यंत्रं बागेत मांडली आहेत आणि त्यांतली काही मुलांना स्वतः फिरवून बघता येतात. चार ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगली जागा सुचवणं कठीण आहे. शेर नदीवर पुलासारखा बांधलेला शनाँसो किल्ला स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. शांबोरच्या किल्ल्यात चारशेहून अधिक खोल्या आहेत; त्या सगळ्या दाखवायच्या भरीस पडू नका. एकमेकांत गुंफलेला दुहेरी जिना दाखवा (एकाने चढायचं, दुसऱ्याने उतरायचं, भेट मात्र होत नाही) आणि मुलांना बाहेर गवतावर सोडा. एका दिवशी एकच किल्ला.

गाडी चालवायची नसेल तर पूर्वेकडचा अल्सास प्रदेश. पॅरिस ते स्त्रासबुर्ग पावणेदोन तास, तिथून कोलमार अर्धा तास, आणि कोलमारचा जुना भाग बाबागाडी घेऊन फिरण्याइतका सपाट. मे महिन्यात घरांच्या छपरांवर करकोच्यांची घरटी भरलेली असतात. पलीकडे मुलूझला रेल्वेचं प्रचंड संग्रहालय आहे. पावसाचा दिवस त्यासाठी राखून ठेवा.

वायव्येकडचा समुद्रकाठचा ब्रिटनी प्रदेश जूनमध्ये छान. मे महिन्यात तिथे समुद्राचं पाणी 13-14 अंश असतं, मुलं घोट्यापर्यंतही थांबत नाहीत. पण वाळू, शिंपले, खेकडे यांत दिवस जातो. तिथल्या सां-मालो गावी भरती-ओहोटीचा फरक 12 मीटरपर्यंत जातो आणि पाणी फार वेगाने आत येतं. ओहोटीत बेटांकडे चालत जायचं तर त्या दिवसाचं वेळापत्रक आधी बघा. जेवणाची सोय इथे सगळ्यात सोपी: कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाचं, आपल्या घावनासारखं गॅलेत, त्यात अंडं आणि चीज. नेहमीच्या प्रकारात डुकराचं मांस असतं, म्हणून ‘सां जांबों’ म्हणजे ‘हॅम नको’ असं सांगा.

आल्प्स मे महिन्यात टाळा. वरच्या वाटांवर बर्फ असतो आणि बरेच रोपवे देखभालीसाठी बंद असतात. शामोनीच्या 3842 मीटर उंचीच्या एग्वी द्यू मिदी शिखरावर तर तीन वर्षांखालच्या मुलांना नेतच नाहीत. दक्षिणेकडचा प्रोव्हान्स मे महिन्यात चालेल, जुलै-ऑगस्टमध्ये नको: सांगलीच्या उन्हाची सवय असली तरी तिथल्या अनेक घरांत एसी नसतो, आणि वणव्याच्या धोक्यामुळे रानवाटा बंद होतात. अटलांटिकच्या लांद किनाऱ्यावर पाण्याचे आत ओढणारे प्रवाह आहेत. लहान मुलांना तिथे समुद्रात नाही, मागच्या तळ्यांत उतरवा.

गाडी घेणार असाल तर ज्या आरटीओकडे तुमचं लायसन्स आहे तिथून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. गाडी उजव्या बाजूने चालते, भाड्याच्या बहुतेक गाड्यांत गिअर हाताने बदलायचे असतात. ऑटोमॅटिक हवी तर लवकर सांगून ठेवा. दहा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या मापाची सीट लागते, मांडीवर घेणं चालत नाही. रेल्वेत चार वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट जातं. स्वस्त तिकीट बरेचदा बदलता येत नाही, म्हणून विमान उतरल्यावर निदान तीन तासांनंतरची गाडी धरा.

साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप मात्र इथेच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. बंद पाकिटातली बाळाची दूध पावडर दोन किलोपर्यंत चालते. भडंग, मेतकूट, डाळ-तांदूळ न्या. रेस्टॉरंट दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर उघडी असतात; मधल्या वेळेत भुकेलेलं मूल सांभाळायला हेच उपयोगी पडतं. रविवारी दुपारनंतर छोट्या गावांत दुकानं बंद, आणि आपल्या महाराष्ट्र दिनी, 1 मे रोजी, जवळजवळ सगळंच बंद.

व्हिसाचा अर्ज पुण्यात देता येतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून. मे महिन्यासाठी जानेवारीतच तारीख घ्या, मार्चमध्ये मिळणं अवघड होतं. शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, सहाखाली माफ. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. बारा वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा निदान 30,000 युरोंचा लागतो.

घर ठरवताना मालकाला चार गोष्टी लिहून विचारा: कितवा मजला आणि लिफ्ट आहे का, कपडे धुण्याचं मशीन, बाळाची खाट, आणि स्टेशनपासून पायी किती मिनिटं. जुलै-ऑगस्टमध्ये अशी घरं बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात. मे महिन्यात चार-पाच रात्रींसाठीही देतात.