ऑथेल्लोला फीट येते तिथे थांबा! रेस आणि डिसॅबिलिटीवर पेपर लिहिताना या चुका टाळा

एमएच्या मुलांचे शेक्सपिअरवरचे पेपर वाचताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एक चॅप्टर रेसवर, म्हणजे वंशावर, एक डिसॅबिलिटीवर, म्हणजे अपंगत्वावर, आणि दोघांची गाठच नाही. रेससाठी कृष्णवर्णीय सेनापती ऑथेल्लो, अपंगत्वासाठी इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, झालं काम. अरे पण 'ऑथेल्लो' नाटकाच्या चौथ्या अंकात पहिल्याच प्रवेशात तो धाडकन कोसळतो की! त्याच्या हाताखालचा अधिकारी इयागो म्हणतो ही फीट आहे, काल पण आली होती. दुसरा अधिकारी कॅसिओ बिचारा म्हणतो कानशिलं चोळा, तर इयागो त्याला अडवतो, मध्ये पडलात तर तोंडाला फेस येईल आणि हा 'सॅव्हेज' वेडात जाईल म्हणे. आता बघा, निदान करतोय कोण, तर नाटकातला सगळ्यात खोटारडा माणूस, आणि आजारपणाला जोडून शब्द कुठला वापरतोय, तर रानटी. आजार आणि वंश एकाच वाक्यात! आणि आपली मुलं 'ऑथेल्लो हा एपिलेप्टिक होता' असं लिहून मोकळी.

'द टेम्पेस्ट' नाटकातला गुलाम कॅलिबन, त्याचंही तेच. 'सॅव्हेज अँड डिफॉर्म्ड स्लेव्ह' (रानटी आणि विद्रूप गुलाम) हे 1623 च्या फोलिओतल्या, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहातल्या, पात्रांच्या यादीत आहे, संवादात नाही. नाटकात त्याच्या अंगाबद्दल जे काही कळतं ते बहुतेक त्याला गुलाम करणाऱ्या नाहीतर त्याला हसणाऱ्या लोकांच्या तोंडून. त्याचं शरीर नेमकं कसं होतं यावर दोन पानं घालवण्यापेक्षा कोण बोलतंय आणि त्यात बोलणाऱ्याचा फायदा काय ते बघा.

रिचर्डबद्दल एकच सांगते, 2012 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या कार पार्कखाली सापडलेल्या त्याच्या सांगाड्यात कणा वाकडा निघाला, पण नाटकातल्यासारखा वाळलेला हात काही निघाला नाही. खरा राजा आणि नाटकातला राजा मिसळू नका.

आणि शेक्सपिअरच्या काळातल्या पुस्तकांच्या डेटाबेसमध्ये 'डिसॅबिलिटी' टाकून काही मिळत नाही म्हणून रडू नका, तेव्हा तो शब्द आजच्या अर्थाने रुळलेलाच नव्हता. लेम, क्रिपल, क्रूकेड, मॉन्स्टर असे त्या काळचे शब्द शोधा. 'रेस'चा अर्थही तेव्हा घराणं, कूळ, अगदी घोड्यांची पैदास असा असायचा, आणि ऑथेल्लोला ज्या शब्दाने ओळखतात तो 'मूर' म्हणजे कधी रंग, कधी धर्म, कधी दोन्ही. त्यात स्पेलिंगही पक्कं नसायचं, मूरच्या शेवटी एक 'ई' जास्तीचा लावून पण सर्च मारा, बरेच रिझल्ट तिथेच लपलेले असतात.