कपडे घरातच वाळवताय? मग या चुका टाळा

‘दोन दिवस झाले, कपडे अजून ओलेच,’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, खिडकी उघडी होती का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. बाहेर पाऊस आहे, थंडी आहे, म्हणून खिडकी बंद, दार बंद आणि वर पंखा फुल. कपड्यांतलं पाणी जाणार कुठे, याचा विचारच होत नाही.

जरा हिशेब करू. भरलेल्या मशीनमधल्या कपड्यांत स्पिननंतरही दोन लिटरच्या वर पाणी असतं. १२ बाय १० ची, १० फूट उंच खोली घ्या. २५ अंश सेल्सिअसला त्या खोलीतली हवा जास्तीत जास्त पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. हवेत आधीच ७० टक्के आर्द्रता असेल तर पाव लिटरसुद्धा जागा उरत नाही. मग पंखा रात्रभर फिरवा, तीच दमट हवा गोल गोल फिरत राहते.

माझ्या मामेबहिणीने हेच केलं. बेडरूममध्ये स्टँड, दार घट्ट लावलेलं आणि कोपऱ्यात हीटर. काही आठवड्यांनी कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी दिसली. भिंतीत पाइप फुटलाय असं समजून तिने प्लंबर बोलावला. त्याने सगळे नळ तपासले, गळती कुठेच नव्हती. मी सकाळी गेले तेव्हा खिडकीच्या काचेवरून आतून पाण्याचे ओघळ येत होते. आम्ही दोघींनी कपाट ओढलं, तर मागे भिंतीवर काळे ठिपके, थेट गुडघ्याच्या उंचीपर्यंत. ती बाहेरच्या बाजूची, थंड भिंत. हीटरने कपड्यांतली वाफ काढली आणि त्या वाफेचं भिंतीवर परत पाणी झालं. कपाटामागे वारा नाही, त्यामुळे ते वाळलंही नाही.

उपाय साधाच होता. स्टँड हॉलमध्ये खिडकीपाशी आणला, खिडकी चार बोटं उघडी आणि समोरचं दारही उघडं. टेबल फॅन जमिनीवर ठेवून हवा कपड्यांच्या मधून खिडकीकडे जाईल असा तिरका लावला. छताचा पंखा वरच्या कपड्यांनाच लागतो, म्हणून माझा भरवसा खालच्या पंख्यावर. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं. ठिपके पुसल्यावर पुन्हा आले नाहीत.

बाहेर थंडी असली तरी खिडकी उघडाच. थंड हवेत पाणी कमी असतं, ती घरात येऊन तापली की भरपूर ओल घेते. अपवाद एकच: बाहेर उकाडा आणि दमट हवा. तेव्हा मात्र खिडक्या लावून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं मशीन) किंवा एसीचा ड्राय मोड चालवा. खिडकी उघडी ठेवून डिह्युमिडिफायर लावणारेही मी पाहिलेत. ते मशीन मग बाहेरची हवा सुकवत बसतं.

दुसरी चूक, जिचा मला खरंच राग येतो, ती म्हणजे स्टँडवरची गर्दी. एका दांडीवर तीन शर्ट, त्यावर टॉवेल दुहेरी घडी घालून, ‘एकदाच उरकतं’ म्हणून. उरकत काहीच नाही, सगळेच कपडे सादळलेले राहतात. दोन कपड्यांत मूठ जाईल एवढी जागा ठेवा. टॉवेल दोन दांड्यांवर पसरून घाला, म्हणजे मध्ये पोकळी राहते. जीन्स उलटी करा, खिसे बाहेर काढा आणि कंबर चिमट्यांनी गोल उघडी राहील अशी टांगा. शर्ट सरळ हँगरवर. जागा पुरत नसेल तर कमी कपडे धुवा. यावर मी वाद घालत नाही.

स्पिनमध्ये घाई नको. मिनिटाला ८०० ऐवजी १४०० फेऱ्यांवर पाच किलो सुती कपडे फिरवले तर जवळपास लिटरभर पाणी जास्त निघतं. जाड कपड्यांना मी दुसरा स्पिन देतेच. धुऊन झालेले कपडे मशीनमध्ये तासन्‌तास ठेवू नका. आणि वाळत घालण्याआधी प्रत्येक कपडा जोरात झटका.

लोकरीचं विणकाम टांगू नका, लोंबतं. टॉवेलवर आडवं पसरा.

हीटरवर कपडा टाकू नका. आग लागते.

कुबट वास येतो तो मोराक्झेला ऑस्लोएन्सिससारख्या जिवाणूंमुळे. साध्या धुण्यातून ते वाचतात आणि कपडा बराच वेळ ओला राहिला की वाढतात. म्हणूनच वाळल्यावर गेलेला वास घाम आला की परत येतो. अशा कपड्यावर अत्तर मारणं किंवा ओलसरच इस्त्री फिरवून कपाटात ठेवणं, हे दोन्ही शॉर्टकट वाईट. लेबलवर परवानगी असेल तर ६० अंशांच्या पाण्यात पुन्हा धुवा. टॉवेलला सॉफ्टनर लावणं थांबवा, त्याचा थर बसून टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

कपडा वाळला का, हे मधल्या कापडाला हात लावून ठरवू नका. कमरेचा पट्टा, काखेतली शिवण, खिशाचा तळ हाताच्या मागच्या बाजूला दाबून पाहा. गार लागलं तर अजून ओल आहे, घडी घालू नका.