मशीनला दोष देण्याआधी कागद बघा: ऑफिसातल्या या चुका टाळा

पावसाळा लागला की चिपळूण, खेड, गुहागर पट्ट्यातून लेझर प्रिंटर दुरुस्तीच्या कामात मला एकच तक्रार ऐकू येते. "भाऊ, मशीन पेपर खातंय." मी विचारतो, पेपर ठेवलाय कुठे? पलीकडून उत्तर येतं, "पेपर चांगल्या कंपनीचा आहे हो." मी कंपनी विचारलेलीच नसते. रोलर बदलायला हवा का, सेटिंगमध्ये काही होईल का, हे सगळे विचारतात. ट्रे उघडून कागदाला हात लावून बघणारा मात्र विरळा. म्हणून त्याच त्या चुका एकदा लिहून टाकतो.

मार्चमध्ये खरेदी, जुलैपर्यंत फरशीवर

ही माझी सगळ्यात नावडती चूक. सरकारी असो वा खाजगी, मार्चअखेरीला निधी संपवायचा म्हणून वर्षभराचा कागद एकदम येतो. खोके रेकॉर्ड रूममध्ये जातात. तिथे टेबल नाही, फळी नाही, म्हणून फरशीवर, भिंतीला टेकवून. एप्रिल-मे काही होत नाही. जूनमध्ये भिंतीला ओल येते आणि जुलैत मला फोन येतो.

एका तालुक्याच्या ऑफिसात असाच गेलो होतो. माझ्या आधी एक तरुण मेकॅनिक येऊन कागद आत ओढणारा पिकअप रोलर आणि पानं सुटी करणारं सेपरेशन पॅड बदलून गेला होता. तरी पेपर अडकतच होता, म्हणून त्याने फ्युजर, म्हणजे छपाई तापवून कागदावर पक्की करणारा भाग, बदलायचं कोटेशन दिलं होतं. त्यात आदल्या दिवशी मशीनमधून धूर आला म्हणून क्लार्कने घाबरून वायरच उपटली होती. मी विचारलं, वास आला का जळल्याचा? नाही म्हणाले. मग तो धूर नव्हता, वाफ होती. फ्युजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो. ओला कागद त्यातून गेला की पाणी वाफ होऊन बाहेर पडणारच.

दुसरी खूण त्याहून स्पष्ट होती. एका बाजूची प्रिंट बरी निघत होती, दोन्ही बाजूंची काढायला गेलं की अडकत होतं. पहिली बाजू छापताना कागद फ्युजरमध्ये एकदम वाळतो, आखडतो, वळतो. तोच वळलेला कागद दुसऱ्या बाजूसाठी आत परत जातो आणि कुठेतरी कोपरा दुमडून बसतो. शिवाय मधूनमधून अक्षरं फिकी येत होती. टोनर, म्हणजे लेझरची भुकटी शाई, कागदावर उतरतो तो विजेच्या भाराने, आणि ओल्या कागदावर तो भार टिकत नाही. तिन्ही लक्षणं एकाच ठिकाणी बोट दाखवत होती आणि तोवर निम्मं मशीन उघडून झालं होतं.

माझ्या बॅगेत कायम एक सीलबंद रीम (५०० पानांचा गठ्ठा) असते, वरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. ती फोडली, ट्रेमध्ये लावली, दोन्ही बाजूंनी मोठा रिपोर्ट काढायला सांगितला. एकही पान अडकलं नाही. हेडक्लार्क म्हणाले, "म्हणजे तुमचा पेपर भारी आहे." कंपनी तीच होती, जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पण तोच. फरक फक्त तो कुठे ठेवला होता याचा.

कारखान्यातून निघताना कागदात साधारण पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्याला मानवते ती चाळीस ते साठ टक्के आर्द्रता, आणि कोकणात जुलैत ऐंशीच्या खाली उतरणं मुश्कील. गठ्ठ्याच्या कडा आधी ओल पितात, मधला भाग कोरडा राहतो, म्हणून कडा लाटांसारख्या वर-खाली होतात. अशी कड एकदा आली की ती पूर्ववत सपाट होत नाही, वर कितीही वजन ठेवा. त्या ऑफिसात खालच्या थरातले खोके मी कच्च्या कामाला काढायला लावले. बाकीचे कॉम्प्युटरच्या खोलीत लाकडी बाकावर गेले, भिंतीपासून हातभर पुढे. फ्युजरचं कोटेशन फाइलला लागून राहिलं.

यावर लोकांनी शोधलेले शॉर्टकट ऐकून हसावं की रडावं कळत नाही. कुणी कागद उन्हात वाळवतं. वरचं पान कडक होतं, खालचं मऊ राहतं, सगळी चवड वाकते. कुणी इस्त्री फिरवतं. कोकणात पावसात कपाटामध्ये पिवळा बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत आहे. कपड्यांपुरती ठीक, पण कागदाच्या गठ्ठ्याशेजारी तापणारा बल्ब म्हणजे आगीला आवतण. एवढ्या उठाठेवीपेक्षा कमी कागद घ्या. पावसाळ्यात महिन्याला पुरेल एवढाच. निधी संपवायचाच असेल तर दुकानदाराशी बोलून माल हप्त्याहप्त्याने मागवा. जिथे नियम आड येतात तिथे निदान बाक तरी विकत घ्या.

रीम फोडून उघडी टाकणे

रीमच्या वेष्टणाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो तो उगाच नसतो. लोक सकाळी पाच रीम एकदम फोडून टेबलावर रचतात, "सारखं कोण उठणार" म्हणून. माझी सवय अशी: ट्रेमध्ये दिवसभराचा कागद, उरलेला वेष्टणात गुंडाळून पिशवीत. शनिवारी संध्याकाळी ट्रेसुद्धा रिकामा. शिपायांना याचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. पण सोमवारी सकाळी पहिलीच प्रिंट अडकली की तेच मला फोन लावतात.

एसी खोली असेल तर नवी रीम आणल्या आणल्या फोडू नका. बंद ठेवूनच रात्रभर तिथे राहू द्या, मग उघडा.

स्वस्तातला कागद डोळे झाकून घेणे

वेष्टणावर ७५ जीएसएम लिहिलंय म्हणून आत ७५च असेल असं नाही, विशेषतः सुटा, बिननावाचा माल असेल तर. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, शेजारच्या किराणा दुकानातला काटा पुरतो. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. ५०० पानांची रीम ७५ जीएसएमची असेल तर वेष्टण सोडून साधारण २ किलो ३४० ग्रॅम भरते. ७० ची २ किलो १८० च्या आसपास, ८० ची अडीच किलो. दुकानदार हसेल, हसू दे. फक्त ओला कागद वजनात थोडा जास्त भरतो, तेव्हा पावसात हा हिशेब सैल धरा.

रोजच्या कामाला ७५ पुरतो. हलक्या कागदाची दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि त्याची भुकटी पिकअप रोलरवर साचते. मग रोलर घसरतो आणि नाव मशीनचं जातं. सुप्रीम कोर्टानेसुद्धा १ एप्रिल २०२० पासून किमान ७५ जीएसएमचा ए-फोर, दोन्ही बाजूंनी छापलेला, असाच नियम केला. वकिलांच्या ऑफिसात मात्र लीगल मापाचा हिरवा लेजर (ledger) पेपर अजून ट्रेमध्ये असतो, आणि मशीनला सांगितलेलं असतं ए-फोर. लीगल कागद ३५६ मिलिमीटर लांब. मशीन मोजून बघतं, हिशेब जुळत नाही, थांबतं. ट्रेचा कागद बदलला की सेटिंगही बदला, एवढंच.

पाठकोऱ्या कागदांची काटकसर

याच्यावर मी लोकांशी भांडलोय. काटकसर चांगलीच, पण लेझर प्रिंटरमध्ये पाठकोरे कागद घालणं ही काटकसर नाही. जुन्या बाजूचा टोनर फ्युजरच्या उष्णतेने पुन्हा मऊ होतो आणि रोलरला चिकटतो, मग पुढच्या वीस पानांवर कुणाच्या तरी पगारपत्रकाची सावली उमटते. कोपरे दुमडलेले, कागद आधीच वळलेला. आणि पिना! एका संस्थेत स्टेपलरची एक राहून गेलेली पिन फ्युजरची फिल्म, म्हणजे त्याचं पातळ आवरण, चिरून गेली. फिल्मचा खर्च ऐकल्यावर तेवढ्यात किती रीम आल्या असत्या हा हिशेब तिथल्या साहेबांनीच कागदावर मांडला. पाठकोऱ्याच कागदावर.

पाठकोरे कागद अर्धे कापा, वर क्लिप लावा, टिपणवही करा. गोपनीय असतील तर फाडा. मशीनमध्ये नको.

बाकीच्या, एकेका ओळीत

ट्रेमधली खूण ओलांडून कागद कोंबू नका. थोडा कमीच बरा.

दोन्ही बाजूंचे गाइड कागदाला टेकलेच पाहिजेत, सैल राहिले की प्रिंट तिरकी.

इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेझरमध्ये घालू नका, त्याचा थर वितळून फ्युजरला बसतो.

अर्धा संपलेल्या गठ्ठ्यावर नवा गठ्ठा टाकू नका. सगळा काढा, एकत्र करून कडा ठोकून सारख्या करा.

वेष्टणाच्या टोकाला बाण असेल तर ती बाजू आधी छापायची. कागद फारच वळत असेल तर चवड उलटी करून बघा.

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उलटा त्रास: कोरड्या हवेत पानं एकमेकांना चिकटतात. तिथे चवड हातात धरून पत्त्यांसारखी फुलवा. पावसाळ्यात कोकणात हेच केलंत तर ओल आतपर्यंत पोचवाल.

मुद्रांकावर छापताना

ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० च्या मुद्रांकावर होणारी बरीच कामं ५०० वर गेली, म्हणजे एक कागद फुकट गेला की पाचशेचा फटका. तरी लोक घडी पडलेला मुद्रांक खालच्या मुख्य ट्रेमध्ये घालतात आणि वरून कमांड देतात. मुद्रांक कायम बायपास ट्रेमधून (हाताने सुटे कागद घालायचा वेगळा ट्रे), एकावेळी एकच. घडी हाताने उलट दाबून सपाट करा. आधी त्याच मापाच्या साध्या कागदावर मजकूर काढून तो मुद्रांकावर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात धरा. पहिली ओळ छापील भागाखाली येतेय का, बाजू बरोबर आहे का, ते तिथेच कळतं. कागदप्रकार 'जाड' ठेवा. आणि पक्षकार टेबलाशी उभा राहून घाई करत असेल तर त्याला चहा सांगा, पण ही चाचणी गाळू नका.