नवा टॉमकॅट, जुनी यंत्रणा: आवृत्त्या जुळवताना या चुका टाळा

टॉमकॅट हा जावात लिहिलेले वेब प्रोग्राम चालवणारा सर्व्हर. त्याच्या ८.५ या आवृत्तीची देखभाल ३१ मार्च २०२४ रोजी थांबली. तेव्हापासून सुरक्षा तपासणीच्या अहवालांत ही आवृत्ती लाल रंगात येते, आणि 'नवीन टाकून घ्या' एवढ्या एका वाक्यावर काम कुणाकडे तरी सोपवलं जातं. तो माणूस सगळ्यात मोठ्या आकड्याची फाइल उतरवतो, जुनी वॉर फाइल (तयार प्रोग्रामचा गठ्ठा) वेबॅप्स फोल्डरमध्ये टाकतो आणि सर्व्हर सुरू करतो. सर्व्हर सुरू होतोही. लॉगच्या शेवटी 'सर्व्हर स्टार्टअप'ची ओळ येते. ब्राउझर मात्र ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दाखवतो.

अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर कधीच एकटा बसवला जात नाही. त्याच्या खाली जेडीके (जावा चालवण्याचा संच) असतो, आत स्प्रिंगसारखं फ्रेमवर्क, मागे डेटाबेस आणि त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर, पुढे ब्राउझरच्या विनंत्या घेणारा अपाची किंवा एनजिनएक्स. आवृत्ती जुळते का, हा प्रश्न यातल्या प्रत्येक जोडीला वेगळा विचारावा लागतो. बिघाड एका जोडीत असतो आणि एरर दुसरीकडेच दिसते, त्यामुळे तासन्‌तास चुकीच्या जागी शोध चालतो. इथे टॉमकॅट धरून लिहिलं आहे. वाइल्डफ्लाय किंवा वेबलॉजिक असेल तर आकडे बदलतील, चुका बहुतेक याच राहतील.

९ नंतर १० येतं म्हणून सरळ १० वर जाणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई (सर्व्हरवरच्या जावाचे ठरलेले नियम) हे एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं जाहीर केलं, पण 'जावॅक्स' या नावाखाली पुढचे बदल करण्याबाबत २०१९ मध्ये बोलणी फिसकटली. म्हणून २०२० च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये (जकार्ता ईई हे जावा ईईचंच नवं नाव) वेब विनंत्या हाताळणाऱ्या 'जावॅक्स.सर्व्हलेट' या पॅकेजचं 'जकार्ता.सर्व्हलेट' झालं, आणि बाकीच्या पॅकेजांचंही तसंच. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, टॉमकॅट १० फक्त नवं. आकडा एकानेच वाढला, पण ९ साठी बांधलेली जवळपास कोणतीही वॉर फाइल १० वर आहे तशी चालत नाही.

याची लक्षणं तीन प्रकारची. अ‍ॅनोटेशनवर चालणारं किंवा वेब.एक्सएमएल (सर्व्हरला रचना सांगणारी फाइल) नसलेलं स्प्रिंग अ‍ॅप असेल तर काहीच एरर येत नाही. टॉमकॅटला त्यात ओळखीचा एकही क्लास सापडत नाही, तो ते अ‍ॅप रिकामं समजून सुरू करतो आणि ४०४ देतो. वेब.एक्सएमएलमध्ये लिसनर (सुरू होतानाच चालणारा कोड) असेल तर 'एक किंवा अधिक लिसनर सुरू होऊ शकले नाहीत, तपशील कंटेनरच्या लॉगमध्ये पाहा' अशा अर्थाची ओळ येते. पुष्कळ जण हे तपशील कॅटालिना या टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये शोधत बसतात. ते असतात तारखेसह बनणाऱ्या 'लोकलहोस्ट' नावाच्या लॉगमध्ये. तिथे शेवटचं 'कॉज्ड बाय' वाचा, खरं कारण तिथे असतं.

तिसरं लक्षण म्हणजे 'जावॅक्स/सर्व्हलेट' सापडत नाही अशी तक्रार. ही दिसली की हात आपोआप चुकीच्या उपायाकडे जातो: जुनी सर्व्हलेट एपीआयची जार (जावा लायब्ररीची फाइल) शोधून वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरमध्ये टाकायची. क्लास सापडतो, एरर बदलते आणि आता तुमचा सर्व्हलेट 'जकार्ता.सर्व्हलेट.सर्व्हलेट' या प्रकारात कास्ट होत नाही असं टॉमकॅट म्हणतो. ही जार तिथे कधीच असू नये. मेवन या बिल्ड साधनात तिचा स्कोप 'प्रोव्हायडेड' ठेवायचा असतो. ती सर्व्हरने पुरवायची वस्तू आहे.

दुसरा चुकीचा उपाय म्हणजे एडिटरमध्ये सगळीकडे 'जावॅक्स' शोधून 'जकार्ता' करणं. 'जावॅक्स.एसक्यूएल', 'जावॅक्स.नेमिंग', 'जावॅक्स.क्रिप्टो', 'जावॅक्स.नेट.एसएसएल' ही पॅकेजं जेडीकेची आहेत, त्यांची नावं बदललेली नाहीत. सरसकट बदल केला की कोड कंपाइलच होत नाही. आणि स्वतःचा कोड बरोबर बदलला तरी आतली स्प्रिंग ५ तशीच राहिली तर उपयोग नाही. स्प्रिंग ५.३ जुन्या नावांवर उभी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेली स्प्रिंग ६ नव्या नावांवर आहे आणि तिला किमान जावा १७ लागतो. म्हणजे स्प्रिंग ५.३ टॉमकॅट ९ सोबत, स्प्रिंग ६ टॉमकॅट १०.१ सोबत, उलटसुलट जोडी जमत नाही. हायबरनेटसारख्या लायब्ररींनाही हाच नियम.

सोर्स कोड हातात नसेल, ज्याने अ‍ॅप लिहिलं तो व्हेंडर आता नसेल, तर ८.५ वरून ९ वर जा आणि तिथेच थांबा. यात कमीपणा काही नाही. ८.५ बंद झाल्यावरही ९ च्या शाखेला सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहिल्या. १० वर जाणं भागच असेल तर टॉमकॅट बनवणाऱ्या अपाची संस्थेचं स्वतःचं मायग्रेशन टूल आहे. जुनी वॉर 'वेबॅप्स-जावाईई' या फोल्डरमध्ये ठेवली तर टॉमकॅट १० ती बदलून वेबॅप्समध्ये घेतो. मात्र वॉरच्या बाहेर ठेवलेल्या कॉन्फिगरेशन फाइलींना हे टूल हात लावत नाही, त्या स्वतः तपासा. आणखी एक सावधगिरी: सर्व्हरवर जावा ८ आहे म्हणून १०.० निवडू नका. ती शाखा ३१ ऑक्टोबर २०२२ लाच बंद झाली. १०.१ ला किमान जावा ११ लागतो, ११ ला जावा १७.

टर्मिनलवर दिसणारा जावा म्हणजेच सर्व्हरचा जावा असं धरून चालणं

टर्मिनलमध्ये जावाची आवृत्ती विचारली, १७ आलं, समाधान झालं. टॉमकॅट मात्र ८ वर चालत असू शकतो. त्याच्या स्क्रिप्ट 'जेआरई_होम' (जावाचा मार्ग सांगणारी सेटिंग) दिलेलं असेल तर 'जावा_होम'च्या आधी ते मानतात. विंडोजवर सर्व्हिस म्हणून बसवला असेल तर सर्व्हिसच्या सेटिंगमधल्या जावा टॅबवर जो मार्ग लिहिला आहे तोच चालतो. खात्रीची जागा एकच: टॉमकॅट सुरू होताना लॉगच्या पहिल्या काही ओळींत 'जावा होम' आणि 'जेव्हीएम व्हर्जन' स्वतः लिहितो. तेवढंच खरं माना.

संपूर्ण मशीनचं 'जावा_होम' बदलणं हा दुसरा घात. त्याच मशीनवरचं जुनं अ‍ॅप पुढच्या रिस्टार्टला कोसळतं, कधीकधी कित्येक आठवड्यांनी, आणि तेव्हा संबंध लक्षातही येत नाही. प्रत्येक टॉमकॅटला स्वतःची 'सेटएन्व्ह' फाइल द्या आणि जावाचा मार्ग तिथे लिहा.

'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' ही एरर आली तर घाबरू नका, ती सगळ्यात प्रामाणिक एरर आहे. तिच्यातला ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. ज्या जावाने कंपाइल केलं तो चालवणाऱ्या जावापेक्षा नवा आहे, एवढंच ती सांगते. जास्त फसवे प्रकार पुढे आहेत. जावा ११ मधून जॅक्सबी आणि जॅक्स-डब्ल्यूएस काढून टाकले गेले, म्हणून एक्सएमएल किंवा सोप सेवा वापरणारं अ‍ॅप जावा ८ वर व्यवस्थित चालतं आणि ११ वर क्लास सापडत नाही म्हणून पडतं. ते जार वेगळे जोडावे लागतात. जावा १७ मध्ये जेडीकेच्या आतल्या भागांत रिफ्लेक्शनने (चालू असताना आत डोकावून) शिरणाऱ्या जुन्या लायब्ररी अडतात. 'अ‍ॅड-ओपन्स' हा पर्याय देऊन त्या चालवता येतात, पण तो तात्पुरता टेकू समजा आणि लायब्ररीच बदलण्याची तारीख ठरवून टाका.

कंपाइल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नव्या जेडीकेवर 'सोर्स' आणि 'टार्गेट' ८ दिलं तर क्लास फाइलचा आकडा ५२ येतो, पण वापरलेल्या मेथड जावा ८ मध्ये आहेत का हे तपासलं जात नाही. बाइटबफरची फ्लिप ही मेथड याचं ठळक उदाहरण: जावा ९ मध्ये तिचा रिटर्न टाइप बदलला, त्यामुळे असा कोड जावा ८ वर 'नो सच मेथड' म्हणत पडतो. जावा ९ पासून मिळणारा 'रिलीज' हा पर्याय दोन्ही गोष्टी तपासतो, तोच वापरा.

जुना लिब फोल्डर आणि जुनी सर्व्हर.एक्सएमएल जशीच्या तशी आणणं

मोह समजण्यासारखा आहे, कारण डेटासोर्स, पासवर्ड, पोर्ट सगळं तिथेच असतं. पण लिबमध्ये जुन्या टॉमकॅटच्या स्वतःच्या जारही असतात. त्या नव्यांत मिसळल्या की कोणता क्लास कुठून उचलला गेला हे सांगता येत नाही. फक्त तुम्ही घातलेले जार, म्हणजे बहुतेक वेळा डेटाबेसचा ड्रायव्हर, तेवढेच आणा. सर्व्हर.एक्सएमएलचंही तेच: नवी फाइल उघडा आणि जुनीतल्या नोंदी एकेक करून, समजून, नव्या पद्धतीने लिहा. जुन्या फाइलमध्ये एपीआर प्रकारचा कनेक्टर (विनंत्या स्वीकारणारा भाग) लिहिलेला असेल तर तो १०.१ मध्ये नाही. कीस्टोअर (प्रमाणपत्रांची फाइल) थेट कनेक्टरवर लिहिलेला असेल तर ८.५ पासून त्यासाठी 'एसएसएल होस्ट कॉन्फिग' हा वेगळा घटक आहे.

पुढच्या अपाचीशी बोलणारा एजेपी कनेक्टर इथे स्वतंत्र लक्ष मागतो. २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली, त्यानंतर ९.०.३१ आणि ८.५.५१ पासून एजेपी मुळात बंद ठेवला गेला. तो सुरू केला तरी फक्त लूपबॅक (त्याच मशीनच्या) पत्त्यावर ऐकतो आणि सीक्रेट (ठरलेला परवलीचा शब्द) मागतो. त्यामुळे ९.०.३० वरून ९.०.३१ इतक्या लहानशा उडीतही पुढचा अपाची ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देऊ लागतो. इथे सीक्रेटची अट बंद करून मोकळं होणं हा उपाय नव्हे, कारण त्रुटीचं दार त्यानेच पुन्हा उघडतं. दोन्हीकडे एकच सीक्रेट लिहा. अपाचीच्या मॉड-प्रॉक्सी-एजेपी या मॉड्यूलमध्ये ही सोय अपाची २.४.४२ पासून आहे, त्याहून जुना असेल तर मॉड-जेके वापरा किंवा सरळ एचटीटीपी प्रॉक्सीवर या.

ड्रायव्हरचा प्रश्न नेटवर्कवर ढकलणं

डेटाबेस जोडला जात नाही म्हटलं की आधी फायरवॉलवाल्यांना फोन जातो. त्याआधी एरर नीट वाचा. ओआरए-२८०४० आली असेल तर ओरॅकल नवा आणि ड्रायव्हर फार जुना आहे. जावा ८ साठी ओजेडीबीसी८, ११ किंवा पुढे ओजेडीबीसी११ घ्या. पोस्टग्रेस 'ऑथेंटिकेशन टाइप १०' चालत नाही असं म्हणत असेल तर सर्व्हर स्क्रॅम (पासवर्ड तपासण्याची नवी पद्धत) मागतो आहे आणि ड्रायव्हर ४२.२.० च्या आधीचा आहे. पोस्टग्रेस १४ पासून स्क्रॅम हीच मूळ पद्धत झाली, म्हणून डेटाबेस बदलल्यावर हे अचानक उगवतं.

एसक्यूएल सर्व्हरचं प्रकरण दुहेरी आहे. एप्रिल २०२१ पासूनच्या जेडीके अपडेटांत, म्हणजे ८यू२९१ आणि ११.०.११ पासून, टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद आहेत. जुना, पॅच न केलेला एसक्यूएल सर्व्हर तेवढंच बोलतो, आणि जावाचा छोटा अपडेट घेताच जोडणी तुटते. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरने १०.२ पासून एन्क्रिप्शन मुळात चालू केलं, त्यामुळे स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र असेल तर 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' येतं. सगळीकडे फिरणारा उपाय म्हणजे प्रमाणपत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवायची सेटिंग. प्रॉडक्शनवर ती ठेवू नका. प्रमाणपत्र ट्रस्टस्टोअरमध्ये (जावाच्या विश्वासातल्या प्रमाणपत्रांच्या यादीत) घाला, काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

चाचणी फक्त इंग्रजी नावांनी करणं

मराठी मजकूर साठवणाऱ्या यंत्रणेत नव्या सर्व्हरची चाचणी 'टेस्ट युजर' नावाने होते आणि चालू झाल्यावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जावा १८ पासून मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे. त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टिमवरून ठरतं, आणि डॉकरसारख्या कंटेनरमध्ये लोकेल (भाषेची सेटिंग) दिलेलं नसेल तर ते फक्त इंग्रजी अक्षरं जाणणारं साधं आस्की होतं. जावा १७ किंवा जुना असेल तर 'फाइल.एन्कोडिंग' यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. ज्या प्रश्नचिन्हांची नोंद डेटाबेसमध्ये झाली ती नावं परत मिळत नाहीत, म्हणून हे चालू करण्याआधी तपासायचं.

यूआरएलमध्ये थेट देवनागरी अक्षरं पाठवणारे जुने क्लायंटही बघा. जुने टॉमकॅट ती खपवून घेत, नवे ४०० (चुकीची विनंती) देतात. काही चिन्हांना सूट देण्याची सेटिंग आहे, देवनागरीला ती लागू होत नाही. अक्षरं पर्सेंट-एन्कोड करूनच पाठवावी लागतात.

सगळं एकाच रात्री बदलणं

आधी जुन्या टॉमकॅटखाली नवा जेडीके घाला आणि काही दिवस चालू द्या. मग ड्रायव्हर, मग टॉमकॅट ९. जकार्ताची उडी सगळ्यात शेवटी, फ्रेमवर्कसोबत. काही बिघडलं तर काय बदललं होतं याचं उत्तर मग एकच असतं.

या काळात जुना आणि नवा एकाच मशीनवर चालवणार असाल तर ८०८० सोबत शटडाउनचा ८००५ हा पोर्टही वेगळा द्या. तो हमखास विसरला जातो. आणि दोन्हीकडे अ‍ॅपचा पाथ एकच असेल तर कॉन्टेक्स्टमध्ये सेशन कुकीचं नाव बदला. कुकी पोर्ट पाहत नाही, त्यामुळे दोन्ही सर्व्हर एकमेकांचा सेशन पुसतात आणि नव्यावर चाचणी करणारा माणूस दर क्लिकला लॉगआउट होतो.