टूरवर असताना इंजिनचा आवाज बदलला तर: दोष कसा शोधायचा

रॉयल एनफील्डच्या बुलेट, क्लासिक, हिमालयन या एका सिलिंडरच्या गाड्या मुळातच बोलक्या. थोडी टिकटिक, थोडी खडखड कायम सुरूच असते. मालकाच्या कानाला ती इतकी सवयीची होते की ताम्हिणी चढताना तिच्यात एखादा नवा आवाज मिसळला, की लगेच लक्ष जातं. मागे कुणीतरी बसलेलं, दोन्ही बाजूंना सामान, मुक्काम अजून लांब. गाडी पुढे न्यायची की इथेच थांबायचं, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं.

अशा वेळी बहुतेक जण मेकॅनिकला फोन लावून आवाजाची नक्कल करून दाखवतात. त्यातून फारसं काही कळत नाही, कारण ढिलं टॅपेट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा भाग) आणि गळका सायलेन्सर फोनवर जवळजवळ सारखेच ऐकू येतात. आवाज कधी सुरू होतो, कशाने वाढतो आणि काय केल्यावर थांबतो, हे सांगता आलं तर अर्धं काम झालं. खालच्या चाचण्या त्यासाठीच आहेत. लांब दांड्याचा एक स्क्रू ड्रायव्हर, मोबाइल आणि थोडं साबणाचं पाणी एवढ्यावर भागतं. मात्र हे काम उघड्यावर करा. बंद शेडमध्ये किंवा पार्किंगच्या तळघरात इंजिन चालू ठेवून कान लावत बसू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

पायरी १: ऑइल बघा

आवाज कसलाही असो, पहिलं काम हेच. गाडी सपाट जागी घेऊन इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि गाडी मधल्या स्टँडवर किंवा कुणाला तरी सरळ धरायला लावून ऑइलची काच बघा. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची पातळी खोटी दिसते. पातळी खालच्या खुणेच्या जवळ किंवा त्याखाली असेल तर आधी ऑइल भरा, मग पुढचा तपास. तासन् तास एकाच वेगाने गाडी ताणली की जुनं इंजिन ऑइल पितं, आणि शहरात महिनाभरात जेवढं कमी होत नाही तेवढं एका टूरमध्ये होतं.

२००९ मध्ये आलेल्या क्लासिकच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेल्या) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे त्यांची फट ऑइलच्या दाबावर आपोआप राखली जाते. ऑइल कमी किंवा जुनं झालं की ते वाजायला लागतात. सकाळी स्टार्ट केल्यावर काही सेकंद वाजून गप्प होत असतील तर काळजी नको. या इंजिनाला कुणी ‘टॅपेट सेट करून देतो’ म्हणालं, तर नक्की काय सेट करणार ते विचारा. २०२१ पासूनच्या नव्या क्लासिकमध्ये आणि ४११ सीसीच्या हिमालयनमध्ये मात्र टॅपेटची फट हाताने सेट करावी लागते.

ऑइलचा लाल दिवा चालू इंजिनावर पेटला, तर बाकी काही बघत बसू नका. इंजिन बंद.

पायरी २: इंजिनाबाहेरचं सगळं हलवून बघा

टूरच्या गाडीवर वाजणाऱ्या वस्तू भरपूर: क्रॅश गार्ड, साडी गार्ड, सामानाची फ्रेम, सायलेन्सरचं कव्हर, नंबर प्लेट, इंजिनाखालचा संरक्षक पत्रा. यातला एखादा नट ढिला झाला की विशिष्ट आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) खरखर येते, आणि ती हुबेहूब इंजिनातून आल्यासारखी वाटते.

साखरप्याहून आंबा घाट चढताना एका मित्राच्या गाडीतून बरोबर तीन हजार आरपीएमच्या आसपास साखळी घासल्यासारखा आवाज येत होता. वर कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये कॅमचेन (इंजिनातली व्हॉल्व्ह चालवणारी साखळी) आणि टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) बदलायचा अंदाज काढून झाला. हेड (सिलिंडरचा वरचा भाग) उघडण्याआधी तिथल्याच एका पोऱ्याने इंजिन तीन हजारांवर धरायला लावलं आणि खालच्या पत्र्यावर बूट टेकवला. आवाज बंद. पत्र्याचा मागचा बोल्ट केव्हाच पडला होता आणि पत्रा फ्रेमवर थरथरत होता.

तुम्हीही तसंच करा. जोडीदाराला आवाज येतो त्या आरपीएमवर रेस धरून ठेवायला सांगा आणि गार पत्रे एकेक करून हाताने दाबा. सायलेन्सर, बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा पाइप) आणि त्याचं कव्हर यांना हात लावायचा नाही, तिथे लाकडाचा तुकडा वापरा.

पायरी ३: आवाज इंजिनाचा की चाकांचा?

मोकळ्या, सरळ रस्त्यावर आवाज येत असताना क्लच दाबा आणि गाडी तशीच पळू द्या. इंजिन आयडलवर (गॅस न देता फिरतं त्या किमान वेगावर) आलं तरी आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर कमी होत गेला, तर इंजिन निर्दोष आहे. चेन, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक बघा.

चेनबद्दल एक गोष्ट हमखास विसरली जाते. रिकाम्या गाडीवर चेनची ढील बरोबर असते, पण दोन माणसं आणि सामान बसल्यावर मागचं सस्पेन्शन दबतं आणि तीच चेन ताठ होते. मग पुढच्या स्प्रॉकेटपाशी घरघर येते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग मार खातं. टूरला निघण्याआधी ढील मॅन्युअलप्रमाणे सेट करून, पूर्ण वजन टाकून पुन्हा एकदा बघा. चेन तपासताना चाक हाताने फिरवा, इंजिन बंद ठेवून. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसताना बोटं गमावलेली माणसं आहेत.

पायरी ४: न्यूट्रलमध्ये क्लच

गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन गरम, आयडलवर. क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

क्लच दाबल्यावर आवाज गेला आणि सोडल्यावर परत आला, तर संशय क्लचची टोपली (क्लचच्या प्लेटा धरणारा भाग) किंवा गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचं बेअरिंग यांच्यावर. उलट, दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लच उचलणारं बेअरिंग बघायला सांगा. लिव्हर दाबली काय, सोडली काय, फरकच पडत नसेल तर दोष बहुधा हेड, सिलिंडर किंवा क्रँकमध्ये (पिस्टनमुळे फिरणाऱ्या खालच्या दांड्यात) आहे.

आयडल फार कमी ठेवला असेल तर चांगल्या गाडीचा क्लचही खुळखुळतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर ‘धक धक’ ऐकायच्या हौसेपायी आयडल मुद्दाम उतरवलेला असतो. तो कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणा. त्याने ऑइलचा दाबही सुधारतो.

पायरी ५: थंड आणि गरम

या पायरीत सगळ्यात जास्त कळतं, पण ती मुक्कामाच्या ठिकाणी पहाटेच करता येते, कारण इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. स्टार्ट करून लगेच मोबाइलवर आवाज टिपा, दहा मिनिटं गाडी चालवून आणा आणि तेवढ्याच अंतरावरून पुन्हा टिपा.

थंड असताना ठोकल्यासारखा येणारा आणि इंजिन तापलं की विरत जाणारा आवाज बहुतेकदा पिस्टनचा असतो. तापल्यावर पिस्टन फुगतो आणि बोअरमधली (सिलिंडरच्या पोकळीतली) फट भरून निघते. जुन्या बुलेटमध्ये हे वर्षानुवर्षं चालतं. धूर नसेल आणि ऑइल खात नसेल तर टूर पुरी करायला हरकत नाही.

याच्या उलट, थंड असताना ठीक पण तापल्यावर वाढत जाणारा जड, खोल ठोका धोक्याचा. ऑइल पातळ झालं की झिजलेल्या बेअरिंगमधली ढील उघडी पडते. चढावर गॅस दिल्यावर हा ठोका आणखी जोरात येतो. हे कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या टोकाचं बेअरिंग असू शकतं. ते सुटलं तर रॉड केसिंग फोडून बाहेर येतो आणि मागचं चाक जाम होऊ शकतं, तेही उतारावर, लोडेड गाडीचं. इथे ‘पुढच्या गावापर्यंत हळू नेतो’ हा विचार करू नका.

सायलेन्सरची गळतीही थंडपणी जोरात आणि नंतर कमी ऐकू येते, म्हणून ती पिस्टन किंवा टॅपेटमध्ये खपून जाते. बेंड पाइप हेडला जिथे जोडला आहे तिथे काळी काजळी दिसते का बघा. इंजिन थंड असतानाच त्या जोडावर साबणाचं पाणी टाकून स्टार्ट करा, बुडबुडे आले की प्रश्न मिटला. गॅस्केट स्वस्त असतं.

पायरी ६: ठोके मोजा

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरतो, आणि एका सिलिंडरच्या गाडीच्या सायलेन्सरमधूनही तेवढ्यात एकच ठोका येतो. म्हणून सायलेन्सरच्या प्रत्येक ठोक्याला एकच टक येत असेल तर दोष वरच्या बाजूला, टॅपेट किंवा रॉकरपाशी असण्याची शक्यता मोठी. दोन आल्या तर पिस्टन आणि क्रँककडे बघावं लागतं. दोन्ही टॅपेट ढिले असले तरी दोन टका ऐकू येतात, त्यामुळे नुसत्या मोजणीवर निकाल देऊ नका. आयडल एक हजाराच्या आसपास असलेल्या बुलेटवर हे कानाला जमतं, जलद आयडलच्या गाडीवर जमत नाही.

इथे स्क्रू ड्रायव्हर काढा. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. आधी हेडचं कव्हर, मग सिलिंडर, मग क्रँककेस, मग क्लच कव्हर. आवाज धातूतून सगळीकडेच पसरतो, त्यामुळे ‘कुठे येतो’ यापेक्षा ‘कुठे सगळ्यात स्पष्ट येतो’ ते शोधा. स्कार्फ, ओढणी, लोंबणारे पट्टे आधी आवरून घ्या.

कॅमचेन ढिली असेल तर रेस सोडतानाची खळखळ ऐकू येते, आरपीएम खाली येत असताना, आणि ती हेडच्या ज्या बाजूने चेन जाते तिथे जास्त असते. टेन्शनर आधी तपासा, मग चेन.

अजिबात न वाजणारं टॅपेट चांगलंच असेल असं नाही. फट गरजेपेक्षा कमी ठेवली तर आवाज येत नाही, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. फट नेहमी इंजिन गार असताना, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), मॅन्युअलमधल्या मापाला. नुसत्या अंदाजाने टॅपेट आवळणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

फक्त घाटातच येणारा आवाज

वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, गॅस पूर्ण दिला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी बारीक किणकिण येते. हे नॉकिंग. मिश्रण ठिणगीपासून नीट जळत जाण्याऐवजी आपोआप, वेडंवाकडं पेटतं. एक गिअर खाली घ्या. आवाज लगेच गेला तर निदान झालं. कारणं: गिअर न बदलता इंजिन रेटणं, खराब पेट्रोल, आतला कार्बन, जास्त तापलेलं इंजिन. दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरा, गिअर वेळेवर पाडा, इंजिन थोडं निवू द्या. तरीही सपाटीवर येत राहिलं तर दुर्लक्ष करू नका, पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते.

घाटात असालच तर दगडी कठड्याजवळून, मागे वाहन नाही हे बघून, हळू एकदा जा. हेल्मेटमध्ये वाऱ्याने दबलेला आवाज भिंतीवरून परत येतो आणि डावी-उजवी बाजूही कळते.

इंजिन बंद केल्यावर येणारी टिक-टिक, चावी फिरवल्यावरचा गाडीतल्या पेट्रोल पंपाचा बारीक गुंजारव, हे दोष नाहीत. पहिला आवाज निवणाऱ्या धातूचा आहे.

ऑइल काढलं तर नीट बघा

शंका उरलीच तर ऑइल बदलायला लावा आणि जुनं ऑइल स्वच्छ, उथळ भांड्यात घ्या. उन्हात तिरकं धरा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर पिठासारखा करडा लेप असणं नेहमीचं आहे. नखाला लागतील असे तुकडे किंवा चकचकीत पापुद्रे नेहमीचे नाहीत. चुंबकाला चिकटले तर पोलादाचे, म्हणजे गिअर, बेअरिंग, कॅम. न चिकटणारे चंदेरी असतील तर अॅल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टन किंवा केसिंग. ते कागदात गुंडाळून ठेवा. तोंडी वर्णनापेक्षा मेकॅनिकला त्याचा जास्त उपयोग होतो.

गाडी उचलायची वेळ आली तर

जड ठोका, ऑइलचा दिवा, धातूचे तुकडे किंवा अचानक आलेला आणि दर मिनिटाला वाढणारा आवाज, यातलं काहीही असेल तर छोटा टेम्पो बोलवा. मेकॅनिकला दाखवायचं म्हणून पुन्हा पुन्हा स्टार्ट करू नका. पहिल्यांदा टिपलेला आवाज मोबाइलवर आहेच. चढवण्याआधी सामान उतरवा, कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा. पुढचं चाक हौद्याच्या भिंतीला टेकवा, पहिला गिअर टाका, आणि दोर हँडलच्या टोकांना न बांधता फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला दोन्ही बाजूंनी बांधा, फोर्क थोडे दबतील इतपत. साइड स्टँडवर उभी करून नेलेली गाडी पहिल्या मोठ्या खड्ड्यात आडवी होते. गॅरेजमध्ये पोहोचल्यावर इंजिन खोलायच्या आधी अंदाज लेखी घ्या आणि बदललेले जुने पार्ट परत मागा.