रीफ टँकमधला प्रवाह: कमी खर्चात पंपांची निवड

माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, खडकामागे लाल चिकट थर साचत होता. आतल्या दोन पॉवरहेडचा (पाण्यात बुडवायच्या छोट्या पंपांचा) अरुंद झोत समोरची वाळू उडवायचा, मागे पाणी मात्र थिजलेलं. टँक 3 × 1.5 × 1.5 फुटांचा, म्हणजे भरून 190 लिटर. वाळू-खडक वजा जाता साधारण 160.

सॉफ्ट कोरल आणि एलपीएससाठी (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल) तासाला टँकमधल्या पाण्याच्या 20 ते 30 पट प्रवाह पुरतो. म्हणून ताशी 2000 लिटरचे दोन वेव्हमेकर (रुंद झोताचे पंप) घेतले, 25 पट. एकच 4000 चा घेऊ नये: जवळच्या कोरलचं मांस सोलवटतं आणि तो बंद पडला की सगळंच थांबतं. दोन्ही आखूड बाजूंना, वेगवेगळ्या उंचीवर लावले. वरच्याचं तोंड किंचित पृष्ठभागाकडे, पाणी थरथरेल इतकं. ऑक्सिजन तिथूनच मिसळतो. तीन आठवड्यांत थर गेला, अर्थात रोज सायफनने ओढूनही काढला.

पुण्यात दोन गोष्टी पाहाव्यातच. पंपाचे वॅट शेवटी उष्णता होऊन पाण्यात उतरतात, आणि एप्रिलमध्ये खोलीच तापलेली असते. म्हणून कमी वॅटचा डीसी पंप बरा. दुसरं, वीज जाणं. दोघांपैकी एक 12 व्होल्टचा, 10 वॅटचा ठेवला तर 7 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर पाचेक तास चालतो.

पंप कुरकुरू लागला की इम्पेलरवर (पंपातल्या चुंबक लावलेल्या फिरत्या पात्यावर) चुना बसलाय समजावं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, तासभर भिजवून जुन्या टूथब्रशने घासावं. चुंबकाच्या आवरणाला तडा दिसला तर पंप लगेच बाहेर. गंजाचं पाणी कोरलना सोसत नाही.