बेसवर क्रोमॅटिक स्केल: नवीन शिकणाऱ्यांसाठी थोडं अनुभवातून

कुडाळ-सावंतवाडीकडची नवीन बेस गिटार घेतलेली पोरं माझ्याकडे येतात ना, त्यातल्या बहुतेकांचा पहिला व्यायाम ठरलेला असतो. यूट्यूबवर बघून पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे बेसच्या मानेवरचं, लांब दांडीवरचं, दोन पट्ट्यांमधलं घर, एका घराला एक सूर) हात ठेवायचा, पाच-सहा-सात-आठ वाजवायचं, मग पुढच्या तारेवर परत पाच-सहा-सात-आठ, असं चारही तारांवर, आणि मग सांगतात की क्रोमॅटिक, म्हणजे एकही न गाळता सलग बाराही सूर, येते. बोटं सुटायला हा व्यायाम मस्तच आहे, पण ही क्रोमॅटिक नाही. एका पोराचे आजोबा भजनाला पेटी धरतात, त्यांनी आतल्या खोलीतून ऐकूनच विचारलं, "अरे, मधलो सूर खंय गेलो?" बरोबर पकडलं त्यांनी.

होतं काय, बेसच्या तारा ई, ए, डी, जी अशा लावलेल्या असतात आणि प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा पाच फ्रेट वर असते. आपली बोटं चार. म्हणजे चार सूर वाजवून सरळ पुढच्या तारेवर गेलात की पाचवा सूर राहूनच जातो. ई तारेवर पाच ते आठ म्हणजे ए, ए शार्प, बी, सी, आणि ए तारेचा पाचवा फ्रेट आहे डी. सी शार्प कुठेय? पेटीच्या भाषेत पांढरी सहापासून निघालात, पांढरी एकपर्यंत आलात आणि काळी एक सोडून थेट पांढरी दोनवर उडी मारलीत.

उपाय सोपा आहे, प्रत्येक वेळी तार बदलताना अख्खा हात एक फ्रेट मागे घ्यायचा. ई तारेवर ५-६-७-८, ए तारेवर ४-५-६-७, डी तारेवर ३-४-५-६, आणि जी तारेचा दुसरा फ्रेट दाबला की वरचा ए. बारा सूर झाले आणि तेराव्याला सा परत आला. क्रोमॅटिक शिकण्यातली खरी मेहनत ह्या मागे सरकण्यातच आहे. करंगळी ताणून पाचवा सूर घेऊ नका, अंगठा मानेच्या मागे हलका ठेवा आणि हातासोबत त्यालाही सरकू द्या, नाहीतर मनगट दुखायला लागेल. उतरताना उलट, दर तारेला एक फ्रेट पुढे. उतरणं जास्त अवघड जातं सगळ्यांना, म्हणून त्याला वेळ जास्त द्या.

पहिल्या फ्रेटपासून सुरुवात नको असं मी सांगतो, कारण ३४ इंची स्केलच्या (इथे स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) बेसवर पहिला फ्रेट जवळजवळ पाच सेंटीमीटर रुंद असतो आणि नवीन हाताला चार बोटं चार फ्रेटवर पसरणं जड जातं. पुढे तिकडे जाल तेव्हा उघड्या तारा वापरा, उघडी तार आणि चार फ्रेट असे पाच सूर एका तारेवर मिळतात, हात सरकवायलाच लागत नाही.

लय मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ६० ला, म्हणजे मिनिटाला साठ ठोके, ठेवा, एका ठोक्याला एक सूर, उजव्या हाताची पहिली-दुसरी बोटं आलटून पालटून. मला स्वतःला तबला ॲपवरचा कहरवा जास्त आवडतो. चढताना बारा, उतरताना बारा, असे चोवीस सूर म्हणजे आठ मात्रांची बरोबर तीन आवर्तनं आणि सा परत समेवर येतो. नाही आला तर कुठेतरी सूर गाळलाय नाहीतर दोनदा वाजवलाय, लगेच कळतं. आणि वाजवताना सुराचं नाव तोंडाने म्हणा, मोठ्याने! हे पोरं टाळतात आणि मग महिनोन् महिने वाजवूनही डी तारेचा सहावा फ्रेट कुठला सूर हे सांगता येत नाही. जी शार्प, काळी चार.

आपल्याकडच्या हवेचं पण सांगायला हवं, खाऱ्या हवेत तारा फार लवकर गंजतात, वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने प्रत्येक तार पुसा. पावसात मान थोडी वाकते, तारा वर उचलल्यासारख्या वाटतात, बाराव्या फ्रेटचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) जुळत नसेल तर जाणकाराला दाखवा, कारण बेसुऱ्या बेसवर क्रोमॅटिक घोटून कानच बिघडतो. लाईट गेली आणि ॲम्प बंद पडला तर बेसचं डोकं (खुंट्यांकडचं टोक) लाकडी कपाटाला टेकवून वाजवा, चांगलं ऐकू येतं, उगाच तारा जोरात ओढायची गरज पडत नाही.

हात बसला की लगेच गाण्यात वापरायला लागा. ए कॉर्डवरून डी वर जायचंय तर डी यायच्या आधीच्या शेवटच्या मात्रेला सी शार्प वाजवा किंवा वरून डी शार्प, म्हणजे एक फ्रेट अलीकडून किंवा पलीकडून. ऑर्केस्ट्रात हे इतकं छान लागतं की ड्रमरसुद्धा मान वळवून बघतो. भजनाला बेस धरताना मात्र जपून, भूपातला अभंग चालू असेल आणि तुम्ही खालून एक फ्रेट अलीकडून सा वर आलात तर तो शुद्ध नी होतो आणि भूपात नी वर्ज्य आहे, बुवांच्या कानाला ते लगेच टोचणार. तिथे प वरून सा वर या, आणि बुवा आलाप घेत असतील तेव्हा नुसता सा धरून थांबा.